आकस्मिकाची कुळकथा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागांतील आपल्या कुटुंबांत सकाळपासून रात्रीपर्यंत जे मराठी बोलले जाते, त्यात काही इंग्रजी शब्द आता पाहुणे राहिलेले नाहीत. ‘चान्स मिळाला’, ‘लक लागते’, ‘रिस्क घेऊ नकोस’, ‘अ‍ॅक्सिडेंट झाला’ ही वाक्ये आजी म्हणते तशीच नातही म्हणते. या साऱ्या शब्दांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : जे आपण ठरवले नव्हते, ज्याची चाहूलही लागली नव्हती, ते घडले म्हणजे त्याला काय म्हणायचे? नाव देणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नव्हे. आपल्या मुलाला नोकरी लागली की आपण ‘देवाची कृपा’ म्हणतो. शेजाऱ्याच्या मुलाला लागली की ‘चान्स’ म्हणतो. आपल्या घरातील मृत्यूला ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या घरातील मृत्यूला कधी कधी ‘केल्याचे फळ’ म्हणून मोकळे होतो. घटना तीच असते. शब्द बदलला की निवाडा बदलतो. म्हणून हे शब्द मुळात कोठले, कोणत्या वाटांनी ते आपल्यापर्यंत आले आणि येताना कोणता अर्थ पाठीवर घेऊन आले, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

जे पडते ते

लॅटिन भाषेत ‘कादेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ अगदी साधा : पडणे. फळ पडते, फासा पडतो, माणूस पडतो. या एका धातूपासून इंग्रजीत शब्दांचे एक मोठे घराणेच उभे राहिले. पडण्याची क्रिया दाखवणारा उत्तरकालीन लॅटिन शब्द जुन्या फ्रेंच भाषेत गेला, तेथे फाशाचे दान कसे पडले हा अर्थ त्याला चिकटला आणि मध्ययुगात तो ‘चान्स’ होऊन इंग्रजीत आला. याच धातूला ‘कडे’ किंवा ‘वर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘अ‍ॅक्सिडेंट’ झाला. म्हणजे अंगावर येऊन पडलेले. दोन गोष्टी एकाच ठिकाणी येऊन पडल्या की ‘कोइन्सिडन्स’. रुग्णालयातील ‘कॅज्युअल्टी’ विभाग याच घराण्यातला आणि कचेरीत जपून वापरली जाणारी ‘कॅज्युअल लीव्ह’ही याच घराण्यातली. एकीकडे जखमींची खाट, दुसरीकडे नैमित्तिक रजा. दोन्हींचा पूर्वज तोच पडणारा फासा.

‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द ख्रिस्तसभेच्या इतिहासात एका वेगळ्याच अर्थाने वावरला आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. वस्तूचे मूळ तत्त्व निराळे आणि तिच्यावर येऊन ‘पडलेले’ रंग, रूप, चव, वास हे गुण निराळे, असा भेद अ‍ॅरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानात आहे. या गुणांना लॅटिनमध्ये ‘आक्सिदेन्तिया’ म्हणत. संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी तेराव्या शतकात मिस्साबलीतील रहस्य समजावून सांगताना हाच शब्द वापरला : भाकरीचे तत्त्व पालटते, तिचे बाह्य गुण तेवढे राहतात. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण रेल्वेच्या रुळांवरील रक्त सांगतो, त्याच शब्दाने एके काळी वेदीवरील भाकरीचे रंगरूप सांगितले जात होते.

आपल्याकडेही पडण्याचे हे चित्र जुनेच आहे. संस्कृत परंपरेत ‘काकतालीय न्याय’ सांगितला जातो. कावळा ताडाच्या झाडावर येण्यास आणि ताडाचे फळ पडण्यास गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. कावळ्याने फळ पाडले असे नव्हे. मराठीने त्याची म्हण केली : कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ‘कोइन्सिडन्स’ या शब्दाचा इतका नेमका आणि गावरान अनुवाद दुसरा सापडणार नाही. ‘अकस्मात’ हा शब्द तर फोडून पाहावा असा आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ‘अकस्मात’ म्हणजे कशामुळेही नाही. आणि ‘अपघात’? त्यात पडणे नाहीच. त्यात घात आहे, म्हणजे प्रहार आहे. इंग्रजी शब्द म्हणतो की काहीतरी पडले. मराठी शब्द म्हणतो की काहीतरी मारले गेले. प्रहार म्हटला की त्यामागे हात कोणाचा, हा प्रश्न आपोआप येतो. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

फासा, चिठ्ठी आणि तारा

पडण्याखेरीज आणखी तीन चित्रांनी या शब्दांना जन्म दिला. पहिले चित्र फाशाचे. ‘हॅझर्ड’ म्हणजे धोका. हा शब्द फाशाच्या अरबी नावापासून निघून स्पेनमार्गे युरोपात पसरला असे मानले जाते. स्पॅनिश भाषेत ‘आसार’ म्हणजे नुसता योगायोग; शेजारच्या पोर्तुगीज भाषेत तोच शब्द दुर्दैवाचा वाचक झाला. ‘लक’ हा शब्दही नेदरलँड्सच्या बाजूने, बहुधा जुगाराच्या पटावरूनच, इंग्रजांकडे आला.

दुसरे चित्र चिठ्ठीचे. लॅटिन ‘सोर्स’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. त्यापासून इंग्रजी ‘सॉर्ट’ आला आणि चेटूक या अर्थाचा ‘सॉर्सरी’ही आला. पोर्तुगीजांत नशिबाला आणि चिठ्ठीलाही ‘सोर्ते’ म्हणतात. आपल्या जत्रांतून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ‘सोरटा’शी त्याचा ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात. नशीब म्हणजे वाटणीचा हिस्सा ही कल्पना तर जगभर दिसते. अरबीतून आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या शब्दांचा मूळ अर्थ वाटा असाच आहे आणि संस्कृत ‘भाग्य’ तर उघड उघड ‘भाग’च आहे. येथे धर्मग्रामातील वाचकांना एक गंमत सांगायला हवी. ग्रीक भाषेत अशा चिठ्ठीला आणि तिने मिळालेल्या वाट्याला ‘क्लेरोस’ म्हणतात. यहूदाची जागा भरण्यासाठी प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली, ही हकीगत प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. तेथे हाच शब्द येतो. याच ‘क्लेरोस’पासून इंग्रजीत धर्मगुरुवर्गाचे नाव ‘क्लर्जी’ पडले आणि लिहितावाचता येणारा माणूस बहुधा त्या वर्गातलाच असल्यामुळे कचेरीतला ‘क्लार्क’ही त्यातूनच निघाला. कल्याणहून रोज सकाळी फोर्टकडे धावणाऱ्या हजारो कारकुनांच्या हुद्द्यात अशी एक चिठ्ठी दडलेली आहे.

तिसरे चित्र ताऱ्याचे. ‘डिझॅस्टर’ या शब्दात ‘अ‍ॅस्टर’ म्हणजे तारा आहे. इटालियनमध्ये तारा प्रतिकूल असणे हाच त्याचा अर्थ होता. आपल्याकडे ‘ग्रह वाकडे’ म्हणतात तसाच. तारे सोडून साध्या मनाने घडणाऱ्याचे नाव घेणारा शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतला : ‘हॅप’. त्यापासून ‘हॅपन’ म्हणजे घडणे, ‘पर्हॅप्स’ म्हणजे कदाचित आणि ‘हॅपी’ म्हणजे सुखी. सुखी म्हणजे ज्याचे दान बरे पडले तो, असे इंग्रजी भाषेचे जुने मत दिसते. आमच्या मते सुखाची ही व्याख्या अपुरी आहे. पण भाषा मतदान करून बनत नाही.

न ठरवता लागलेली बंदरे

आता आपल्या खाडीकडे वळू. ‘पेरिप्लस’ नावाचे एक ग्रीक दर्यावर्दी पुस्तक आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. त्यात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण सत्ता बदलल्यावर तेथील व्यापारात अडथळे आले, असे लेखक सांगतो. पुढे त्याने नोंदवले आहे की या भागात योगायोगाने शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. ‘योगायोगाने’ यासाठी त्याने ‘त्युखे’ हा शब्द वापरला. ग्रीकांच्या भाग्यदेवतेचे नावही तेच. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या कल्याणचे नाव ज्या पानावर आले, त्याच पानावर योगायोगाचाही शब्द आला. वाऱ्याने जहाज भलत्या बंदराला लागणे हा त्या काळचा अपघात आणि पहाऱ्यात भडोचला जाणे हा माणसांनी त्याला दिलेला निकाल.

अशाच एका भलत्या बंदराची कथा ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाच्या आरंभी आहे. फ्रान्सिस्कन संघाचे तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे चौघे होर्मूझहून निघाले ते केरळातील कोल्लमला जाण्यासाठी. त्यांच्याबरोबर सेव्हेराकचे जॉर्डन हे दोमिनिकन धर्मगुरू होते. त्यांची पुढची वाट चीनची होती. पण जहाजाने त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आणून उतरवले. तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी त्यांची सोय झाली. जॉर्डन सोपारा आणि भडोचकडे सेवेसाठी निघून गेले. मागे राहिलेल्यांच्या यजमानाच्या घरी नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोवर हात टाकला, ती काजीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या परदेशी पाहुण्यांची नावे सांगितली. घरगुती तंट्याच्या साक्षीला बोलावलेल्या माणसांची चौकशी धर्माच्या वादाकडे वळली आणि ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना ठार मारण्यात आले. घर सांभाळण्यासाठी मागे राहिलेले पीटर दोन दिवसांनी मारले गेले. जॉर्डन यांनी परत येऊन त्यांच्या दफनाची व्यवस्था केली. पुढे पोर्देनोनेचे ओदोरिक या प्रवासी फ्रान्सिस्कनांनी ठाण्यास येऊन त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि चीनपर्यंत नेल्या. या हत्येची आज्ञा देणाऱ्या स्थानिक अंमलदाराला दिल्लीच्या सुलतानाने शिक्षा केली, असेही ओदोरिक लिहून ठेवतात.

किती ठिकाणी हा धागा तुटू शकला असता! वारा निराळा असता, यजमान निराळा असता, ते भांडण आठवडाभर पुढे गेले असते, तर ठाण्याच्या इतिहासात ही चार नावे आलीच नसती. आणि जॉर्डन त्या दिवशी ठाण्यात असते, तर १३२९ मध्ये कोल्लमचे महागुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली नसती. याला काय म्हणावे?

अठराव्या शतकात इंग्रजीने अशा शोधाशिवाय सापडणाऱ्या गोष्टींसाठी एक सुरेख शब्द घडवला. होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात तो प्रथम लिहिला : ‘सेरेंडिपिटी’. सेरेंदीपचे तीन राजपुत्र शोधत नसलेल्या गोष्टी चातुर्याने शोधून काढतात, अशा कथेवरून त्यांनी तो रचला. सेरेंदीप म्हणजे अरबी खलाशांचे सरनदीब, म्हणजेच सिंहलद्वीप, आपल्या शेजारची श्रीलंका. हिंदी महासागरातील एका बेटाचे नाव लंडनला जाऊन योगायोगाचे नाव झाले आणि आता इंग्रजी शाळांतून आपल्या मुलांकडे परत येते. पण हा शब्द आनंदाच्या योगायोगासाठी आहे. १३२१ च्या ठाण्यासाठी तो अपुरा पडतो.

मालक आणि दोन चाकर

ख्रिस्ती विचारवंतांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. सहाव्या शतकात बोएथियस हा रोमन पंडित तुरुंगात देहदंडाची वाट पाहत असताना त्याने लिहिलेल्या ग्रंथात हा विचार येतो. शेत नांगरताना शेतकऱ्याला पुरलेले सोने सापडते. हे विनाकारण घडले काय? नाही. कोणीतरी ते पुरले म्हणून आणि दुसऱ्याने तेथेच नांगर धरला म्हणून ते सापडले. दोन्हींना कारणे आहेत. फक्त त्या दोघांनी ती गाठ ठरवलेली नव्हती. संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी दुसरा दाखला दिला. मालक दोन चाकरांना एकाच ठिकाणी पाठवतो, पण एकाला दुसऱ्याविषयी सांगत नाही. त्यांची भेट त्यांच्या दृष्टीने योगायोग, मालकाच्या दृष्टीने नव्हे. ईश्वराच्या दूरदृष्टीला लॅटिनमध्ये ‘प्रोव्हिदेन्तिया’ म्हणतात. ‘पुढचे पाहणे’ हा तिचा शब्दार्थ. संतांच्या जुन्या लॅटिन लितानीत अचानक मरणापासून सुटका मागताना ‘इम्प्रोव्हिसा’ हा शब्द येतो, म्हणजे आधी न दिसलेले. दोन्ही शब्द ‘पाहणे’ या एकाच धातूचे. आपल्याला न दिसलेले त्याला दिसते, हा आपला विश्वास आहे. त्याला दिसते म्हणून आपण डोळे मिटावेत, असे मात्र त्यातून निघत नाही. गडबड नेमकी येथेच होते.

शब्दाची किंमत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. त्यानंतर या भागातील ‘अ‍ॅक्सिडेंट’ या शब्दाचा मुक्काम जहाजावरून रुळांवर आला. इंग्रजांच्या कायद्याने बरोबर आणखी एक शब्दप्रयोग आणला : ‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’, म्हणजे देवाची करणी. वीज, पूर, भूकंप यांसारख्या, माणसाला टाळता न येणाऱ्या घटनांसाठी तो आहे. श्रद्धावंताला तो जरा खटकतोच. जे कोणाच्याच खात्यावर मांडता येत नाही, ते देवाच्या खात्यावर मांडून टाकायचे!

शब्दाची व्याख्या किती महाग पडते, हे १९८९ च्या रेल्वे कायद्यात दिसते. नुकसानभरपाईसाठी त्यात ‘अ‍ॅक्सिडेंट’ होता, पण गाड्यांची टक्कर, गाडी रुळांवरून घसरणे किंवा गाडीलाच झालेला अन्य अपघात, एवढाच त्याचा आवाका होता. दिवा आणि ठाणे यांच्यामध्ये गर्दीच्या लोकलमधून दारातला माणूस खाली पडला, तर गाडीला काहीच झालेले नसे. गाडी सुखरूप, मग त्या कलमाच्या हिशेबी अपघातही नाही! ज्या शब्दाचा मूळ अर्थच ‘पडणे’, त्या शब्दात पडलेला माणूस बसत नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने ‘अनटुवर्ड इन्सिडंट’, म्हणजे अनिष्ट घटना, हा नवा प्रकार कायद्यात आणला आणि गाडीतून अपघाताने पडणे त्यात धरले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीत चढताना पडणेही त्यात येते असे ठरवले. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठीची रक्कम ८ लाख रुपये आहे. घटनेपासून एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. उशिराचे सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. रूळ ओलांडताना झालेले मृत्यू मात्र या तरतुदीत येत नाहीत.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळील वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. त्यांपैकी चौघे त्याच दिवशी दगावले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली, वळणाची चर्चा झाली, गर्दीची चर्चा झाली. म्हणजे कारणे होती आणि ती शोधता येत होती. ‘अकस्मात’ म्हणजे ‘कशामुळेही नाही’. ते येथे लागू पडत नाही. येथे ‘अपघात’ हाच शब्द खरा, कारण त्यात प्रहार आहे आणि हात कोणाचा हे विचारण्याची सोय आहे. घरातील कर्ता माणूस गेल्यावर ‘नशिबात होते’ म्हणून जे कुटुंब गप्प बसते, ते एका वर्षाची मुदतही त्या शब्दाखाली गाडून टाकते. सांत्वनासाठी गेलेल्यांनी मृतात्म्यासाठी प्रार्थना जरूर करावी. पण कागदपत्रे गोळा करायला मदत करणे हीसुद्धा सेवाच आहे, हे विसरू नये.

यरीहोची वाट

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतः उपस्थित केला आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. मृतांवर निवाडा लादणारे सगळे शब्द त्या एका उत्तराने आपल्या तोंडून काढून घेतले आहेत. राहिला प्रश्न जिवंतांचा.

लूककृत शुभवर्तमानात दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे. जखमी माणूस पडलेला असताना त्या वाटेने एक याजक ‘योगायोगाने’ जात होता, असे तेथे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘सिन्कुरिया’. संपूर्ण नव्या करारात तो याच एका ठिकाणी आला आहे. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तेथे ‘आक्सिदित’ हे क्रियापद आहे, ‘अ‍ॅक्सिडेंट’चे सख्खे भावंड. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तेथे ‘चान्स’ येतो. आपण आरंभी पाहिलेले अख्खे घराणे या एका वाक्याच्या उंबरठ्यावर उभे आहे.

पण पुढे पाहावे. याजकाचे तेथे येणे योगायोग होता. बाजूने निघून जाणे योगायोग नव्हता. शोमरोन्याचे थांबणे, जखमा बांधणे, पदरचे पैसे देणे, परत येण्याचा शब्द देणे यांपैकी काहीही फाशावर सोडलेले नव्हते. योगायोगाला त्या कथेत एकच काम दिले आहे : भेट घडवून आणण्याचे. त्यानंतर काय करायचे, ते वाटसरूने ठरवायचे. ठाण्याच्या बंदराला जहाज कोणाच्या मर्जीने लागले हे त्या चौघांच्या हाती नव्हते. तेथे उतरल्यावर कसे जगायचे आणि काय बोलायचे, ते त्यांच्या हाती होते. आपल्या फलाटांवर, पुलांवर आणि रुग्णालयांच्या दारांत रोज कोणीतरी आपल्यासमोर असेच येऊन पडते. त्याला ‘चान्स’ म्हणा, ‘योग’ म्हणा की ईश्वराची योजना म्हणा. आपण तेथे थांबलो की नाही, याला मात्र योगायोग म्हणता येणार नाही.